नागपुरात दर महिन्याला जॅझ जॅम सुरू करायचा आहे: जागा, सामान आणि पद्धत सांगा

कीबोर्ड_धरमपेठ

नमस्कार मंडळी. आम्ही आठ-नऊ जण आहोत. एक ड्रमर, एक बास गिटार, दोन गिटार, मी कीबोर्डवर, एक आल्टो सॅक्सोफोन, एक ट्रंपेट, एक तबलावादक आणि शास्त्रीय शिकलेली एक गायिका. महिन्यातून एकदा खुला जॅझ जॅम, म्हणजे कोणीही येऊन सोबत वाजवायची बैठक, करायचं ठरवून राहिलो आहोत. धरमपेठेत एका कॅफेचा वरचा मजला मिळू शकतो. साधारण २० बाय ३० फूट, फरशी टाइल्सची, एका बाजूला पूर्ण काच, ३५-४० खुर्च्या मावतील. मालक संध्याकाळी ६.३० पासून द्यायला तयार आहेत.

प्रश्न असे:
१) जॅम नेमका चालवायचा कसा? दोनदा घरी वाजवून पाहिलं. प्रत्येक गाणं पंधरा-वीस मिनिटं चाललं आणि शेवटी कोण कुठे आहे हेच कळेना.
२) सुरुवातीला कोणत्या चाली घ्याव्यात?
३) आवाज, परवानगी, सामान यात काय सांभाळायचं?
४) तबला आणि गायिका यांना कसं सामावून घ्यायचं? दोघंही चांगले आहेत, नुसतं बसवून ठेवायचं नाही.
५) पुढे वर्षातून एखादी छोटी मैफलही करायची आहे.

बासवाला_प्रतापनगर

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

सगळ्यात आधी एक घरचा बँड ठरवा: ड्रम, बास आणि कीबोर्ड किंवा एक गिटार. हे तिघं पहिला अर्धा तास स्वतः वाजवतील आणि नंतर प्रत्येक पाहुण्याला साथ करतील. जॅम कोसळतो तो सोलो वाजवणारा कच्चा असतो म्हणून नाही. खाली फॉर्म, म्हणजे गाण्याचा ठरलेला साचा, धरून ठेवणारं कोणी नसतं, म्हणून कोसळतो. तुमचा बास आणि ड्रम पक्का असेल तर नवखा माणूस दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) चुकला तरी तिसऱ्या बारला परत येतो.

वेळेचा हिशेब करून पाहा. १२ बारचा ब्लूज, मिनिटाला १२० मात्रांचा वेग. १२ बार म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे एक आवर्तन २४ सेकंदांचं. मुखडा सुरुवातीला दोनदा आणि शेवटी दोनदा, सात जणांना प्रत्येकी दोन आवर्तनं, ड्रमसोबत चार-चार बारची देवाणघेवाण दोन आवर्तनं. एकूण २० आवर्तनं, म्हणजे ८ मिनिटं. हीच गोष्ट ३२ बारच्या चालीवर केली तर नुसते सात सोलोच १५ मिनिटं खातात. तुमचं गाणं लांबत होतं ते यामुळे. नियम ठेवा: ब्लूजवर दोन आवर्तनं, ३२ बारवर एक, आणि एका गाण्यात जास्तीत जास्त चार सोलो. बाकीचे पुढच्या गाण्यात. दारापाशी एक कागद ठेवा: नाव, वाद्य, येत असलेल्या दोन चाली. त्यावरून एकाच माणसाने गट पाडायचे. हा माणूस दर महिन्याला तोच असावा आणि त्याला "आता बस" म्हणता आलं पाहिजे.

पहिल्या महिन्यात फक्त एफ मधला ब्लूज पक्का करा. इथे एक जागा आहे जिथे हमखास माती होते: दहावा बार. रॉककडून आलेला गिटारवाला ९ व्या बारला सी सेव्हन आणि १० व्याला बी फ्लॅट सेव्हन वाजवतो. जॅझ शिकलेला कीबोर्डवाला ९ व्याला जी मायनर सेव्हन आणि १० व्याला सी सेव्हन धरतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण दहाव्या बारला एकाच्या हातात बी फ्लॅट आणि दुसऱ्याच्या हातात सी. ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी चुकलं. त्यामुळे एका कागदावर बारा चौकोन काढून कॉर्ड लिहा आणि स्टँडवर लावा:

एफ७ | बी फ्लॅट७ | एफ७ | एफ७
बी फ्लॅट७ | बी फ्लॅट७ | एफ७ | डी७
जी मायनर७ | सी७ | एफ७ | सी७

हरवलात तर पाचव्या बारची वाट पाहा. तिथे बी फ्लॅट येऊन दोन बार मुक्काम करतो, तो कानाला स्पष्ट कळतो. बासवाल्याने पहिल्या आणि पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर मूळ सूरच द्यायचा, तिथे कलाकुसर नको. ड्रमरने बाराव्या बारात स्नेअरवर छोटी भर द्यावी, म्हणजे नवं आवर्तन सुरू होतंय हे सगळ्यांना समजतं.

चाली: ड्यूक एलिंग्टनचा सी जॅम ब्लूज घ्या. मुखड्यात फक्त दोन सूर, सा आणि पंचम. पाच मिनिटांत कोणालाही बसतो. मूळ सी मध्ये आहे, तो आधी एफ मध्ये उतरवून वाजवा, कागद तोच चालेल. दुसऱ्या महिन्यात केनी डॉरहॅमचा ब्लू बॉसा: १६ बार, सी मायनर, मध्ये चार बार डी फ्लॅटला जाऊन परत. तिसऱ्या महिन्यात माइल्स डेव्हिसचं १९५९ चं सो व्हॉट. महिन्याला एक चाल पुरे. सहा महिन्यांनी सहा चाली सगळ्यांच्या बोटांत असतील, आणि तेव्हा गावाबाहेरून आलेला वादकही सरळ येऊन बसू शकेल.

मेट्रोनोम ६० वर लावून ती टकटक दुसरी आणि चौथी मात्रा समजून वाजवायचा सराव घरच्या बँडने रोज दहा मिनिटं करावा. ड्रमरची हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) तिथेच मिटते. आपल्याकडे हात आपोआप समेवर पडतो, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

साऊंड_लक्ष्मीनगर

तिसऱ्या प्रश्नावर. आधी कायद्याचं.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण काचेचा दरवाजा सताड उघडा असलेला वरचा मजला त्यात बसत नाही, गच्ची तर नाहीच. दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यावसायिक भागात ६५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं आणि तिथे दिवसाही ५० च. धरमपेठेत शाळा किती आहेत पाहा, आणि उद्या कोणी रामदासपेठेत किंवा धंतोलीत जागा देतो म्हटलं तर आधी आजूबाजूचे दवाखाने मोजा. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात वेळेवर द्या आणि प्रत जवळ ठेवा. मालकांचं लायसन्स आहे म्हणून तुमची परवानगी झाली असं समजू नका.

वेळ ६.३० ते ९.१५ ठेवा. ६.३० ते ७ मांडणी, ७ ते ७.३० घरचा बँड, मग जॅम. ९.१५ ला शेवटचा सूर, ९.४५ ला सामान खाली.

खोलीचं. काच आणि टाइल्स, म्हणजे आवाज आदळून परत येणार. काचेवर जाड पडदा, तोही चुण्या पडलेला, ताणलेला नको. ड्रमखाली ६ बाय ६ फुटांची सतरंजी किंवा जुना गालिचा. त्याने बेस ड्रम पुढे सरकायचाही थांबतो. बँड कोपऱ्यात बसवू नका, कोपऱ्यात बासचा आवाज फुगतो आणि सूर ओळखू येत नाही. ३० फुटी भिंतीच्या मध्यावर, काचेकडे पाठ न करता बसवा.

सामान: बासला १०० वॉटच्या आसपासचा स्वतःचा अॅम्प, गिटारला ३०-४० वॉट पुरे, कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) मिक्सरला. आठ चॅनेलचा मिक्सर, दोन गाण्याचे माइक, दोन स्पीकर. सॅक्स आणि ट्रंपेटला या खोलीत माइक लागत नाही. उलट ट्रंपेटला म्यूट (तोंडात बसवून आवाज दाबणारं बूच) लागेल. पातळी लावायची पद्धत अशी: ड्रमरला ब्रशने (काठीऐवजी तारांच्या झाडूने) वाजवायला सांगा, त्यावर बास, मग कीबोर्ड, सगळ्यात शेवटी गायिकेचा माइक. गायिकेचा आवाज आरामात ऐकू येत नसेल तर माइक वाढवू नका, बाकीचे कमी करा. माइक वाढवत गेलात की शिट्टी सुरूच. मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, बाजूला नको.

घूंsss असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर बहुतेक वेळा कारण एकच: कीबोर्ड एका भिंतीच्या प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या. सगळं एकाच पॉइंटवरून घ्या, डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन कापणं किंवा टेप लावून झाकणं हा उपाय नाही, त्यात माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो. वीज गेल्यावर कॅफेचा इन्व्हर्टर सुरू झाला आणि गुणगुण वाढली तर तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. अॅम्प बंद करून लाइट येईपर्यंत बिनमाइकचं वाजवा.

उन्हाळ्यात कूलर ही मोठी अडचण. मोटरचा घरघराट ब्रशचा आवाज पूर्ण गिळतो. कूलर वेगळ्या लाइनवर, गाणी चालू असताना बंद आणि दोन गाण्यांच्या मध्ये चालू, असं एका माणसावर सोपवा. लोक सहा-सात मिनिटं सहज काढतात.

कीबोर्ड_धरमपेठ

फार उपयोगी, धन्यवाद. एक भर: मागच्या आठवड्यात पंखे बंद करून वाजवलं तर सॅक्स चढा आणि गिटार उतरलेली वाटत होती. दोघांनीही सुरुवातीला ट्यूनरवर मिळवलं होतं. माझा कीबोर्ड ४४० वरच आहे. आणि चौथा प्रश्न राहिलाच.

पांढरी_चार

दोघांचंही वाद्य बरोबर आहे, हवेचा प्रताप आहे. फुंकवाद्यात आतली हवा गरम झाली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. हिशेबाने दर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). प्रत्यक्षात थोडं कमी, कारण वाजवणाऱ्याच्या श्वासाने नळी आधीच गरम असते. तारेचं उलटं. तार गरम झाली की प्रसरण पावते, ताण घटतो, सूर उतरतो. म्हणून एकाच खोलीत दोघं विरुद्ध दिशेने जातात. एसीत मिळवून गरम खोलीत आलात तर वीस मिनिटांनी पुन्हा मिळवायचंच. कीबोर्डचा सूर हलत नाही, सगळ्यांनी त्याच्याशीच मिळवायचं. सॅक्सवाल्याने माउथपीस कॉर्कवर दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढावा, ट्रंपेटने मुख्य स्लाइड. एप्रिल-मे मध्ये सॅक्सची रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) पाच मिनिटांत कोरडी पडते आणि चिरकते. ओल्या केलेल्या तीन-चार रीड फिरवून वापरायच्या, मधल्या वेळात माउथपीसला टोपी.

आता तबला. तबलावाले "किती नंबरचा सूर?" विचारतात आणि जॅझवाले "एफ" म्हणतात, तिथेच संवाद तुटतो. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत एफ म्हणजे पांढरी चार, सी म्हणजे पांढरी एक, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. एफ च्या ब्लूजसाठी तबला पांढरी चारला चढवू नका, पांढरी एकला ठेवा. वरचा कॉर्डचा कागद पाहा: सी हा एफ७ चा पंचम, बी फ्लॅट७ ची नववी, डी७ चा कोमल निषाद, जी मायनर७ ची अकरावी आणि सी७ चा तर षड्जच. बाराही बारांत तो कुठेच टोचत नाही. ब्लू बॉसा सी मायनरच आहे, तिथेही तोच तबला. फक्त डी फ्लॅटच्या चार बारांत चाट (तबल्याच्या काठावरचा खणखणीत सूर) कमी करून बंद बोलांवर राहावं: ति, ट, क आणि बायां.

स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, समजावताना कहरव्यापासून सुरुवात करू नका, तो सरळ पडतो. तिश्र जातीत एका मात्रेचे तीन भाग करा आणि मधला गाळा: पहिला लांब, तिसरा आखूड. धाऽगे धाऽगे असं तोंडाने म्हणून मग हातात आणा. आणि ड्रमरची राइड सिम्बल (लय धरणारी मोठी झांज) चालू असताना तबल्याने भरत जायचं नाही. दोघं एकाच वेळी सगळ्या जागा भरू लागले की बास ऐकू येत नाही. तबल्याच्या आवर्तनात ड्रमरने नुसती हाय-हॅट, दोन आणि चारवर. गाण्यातला सगळ्यात मोकळा श्वास तिथेच मिळतो.

गायिकेसाठी सो व्हॉट आधी घ्या, ब्लूज नंतर. त्यात डोरियन मोड आहे, म्हणजे आपला काफी थाट. ३२ बारांत पहिले १६ डी वर, पुढचे ८ ई फ्लॅटवर, शेवटचे ८ परत डी वर. तिच्यासाठी हे असं: काफीचे स्वर तेच, पण १६ बारांनंतर षड्ज पांढरी दोनवरून काळी दोनला सरकतो आणि आठ बारांनी परत येतो. हा अर्ध्या सुराचा षड्जबदल अवघड असतो कारण सगळं शिक्षण एका षड्जाशी बांधलेलं असतं. कीबोर्डवाल्याने १६ व्या बारच्या शेवटच्या मात्रेला ई फ्लॅटचा सूर आधीच द्यावा, म्हणजे तिला पायरी दिसते. तानपुऱ्याचं अॅप मात्र बंद. डी चा तानपुरा ई फ्लॅटच्या भागात असह्य होतो.

ब्लूजमध्ये तिला धानी द्या: सा ग म प नि, ग आणि नि कोमल. त्यात उतरताना तीव्र मध्यमाचा स्पर्श दिला की ब्लूजचा रंग येतो. कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि तिच्या गळ्यात कोमल गंधार, हा विरोध इथे दोष नाही. तिला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती बिचारी आपलंच चुकतंय समजून गप्प बसेल. मींड तर तिच्याकडे आहेच, ती कोणत्याही ट्रंपेटवाल्याला हेवा वाटावा अशी लागते.

क्लॅरिनेट_सदर

थोडक्यात दोन गोष्टी.

सगळ्यांना एकच कागद देऊ नका. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचं वाद्य, ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटची, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की अनुक्रमे ई फ्लॅट आणि बी फ्लॅट निघतो. तुम्ही एफ म्हणता तेव्हा आल्टोच्या कागदावर डी लिहिलेला हवा, ट्रंपेटच्या कागदावर जी. सी मायनरला आल्टो ए मायनर, ट्रंपेट डी मायनर. सो व्हॉटच्या डी ला आल्टो बी, ट्रंपेट ई. प्रत्येक चालीचे तीन कागद करून तीन रंगांच्या फायलीत ठेवा. मंचावर उभं राहून मनात बदलणं भल्याभल्यांना जमत नाही.

दुसरं, फुंकवाद्यवाले हवे असतील तर लग्नाच्या बँडपथकांत विचारा. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवणारे पक्क्या दमाचे लोक तिथे आहेत. कामठी छावणीचं गाव आहे, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले कोणी भेटले तर ते नोटेशनही वाचतात. चर्चच्या क्वायरमध्ये कॉर्ड समजणारे कीबोर्डवाले मिळतील. पण बोलावताना पंचांग पाहा. मुहूर्ताच्या तारखेला बँडवाला येणार नाही आणि आलाच तर त्याची रोजी बुडवून आलेला असेल. त्याला येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण सन्मानाने द्या. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त (१९५१) मुंबईचा जॅझ ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचा बँड होता. त्या काळची गाणी वाजवत आलेल्या जुन्या बँडवाल्याच्या कानात स्विंग आधीपासून असतो, फक्त त्याला ते नाव माहीत नसतं. त्याच्यासोबत तिथूनच सुरुवात करा.

ब्रश_बजाजनगर

साऊंडवाल्या दादांशी जवळपास सहमत, एका गोष्टीवर वेगळं मत. ब्रश दिले म्हणून ड्रमर हळू वाजवतो असं नाही. २२ इंची बेस ड्रम असेल तर पायाचाच आवाज काच हलवतो. १८ किंवा २० इंची मिळवा, आत एक घडी घातलेली चादर पुढच्या कातड्याला टेकेल अशी ठेवा, आणि पाय चारही मात्रांवर अगदी हलका. फक्त बासला टेकू मिळेल इतका. टॉम एकच पुरे. फास्ट गाण्याला ब्रश कमी पडले तर बारीक काड्यांच्या जुडीसारखे रॉड्स मिळतात, ते काठीच्या आणि ब्रशच्या मधले. काही जण कॅहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) सुचवतील. गच्चीवर गिटारसोबत ठीक आहे, पण राइड सिम्बलशिवाय स्विंगचा प्रवाह टिकत नाही, म्हणून जॅमला मी सुचवणार नाही.

मैफलीबद्दल. ३० एप्रिल हा युनेस्कोने २०११ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. तारीख छान आहे, पण आपल्याकडे तेव्हा संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्या असतात. करायचं तर एसी असलेल्या बंद जागेतच, आणि वाद्यं गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवायची नाहीत, गिटारचा डिंक सुटतो. उघड्यावर करायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी. वसंतराव देशपांडे सभागृहासारखं मोठं नाट्यगृह पहिल्या वर्षी नको, ऐंशी श्रोते तिथे विखुरतात आणि वादकांचा जीव थंड पडतो. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहासारखी आटोपशीर जागा पाहा.

हक्कांचं: हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर वाजवलं तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत की ती जाते आणि रचनांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं लायसन्स लागतं. मध्यंतरात रेकॉर्ड लावायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. कॅफे खाण्यापिण्यातून कमावतोय तेव्हा मालकांकडे लायसन्स आहे का, हे जॅमसाठीसुद्धा आधीच विचारून घ्या.

कीबोर्ड_धरमपेठ

सगळ्यांचे आभार. तीन रंगांच्या फायली आजच आणतो, तबला पांढरी एकवर. एकच राहिलं: गाणं संपवायचं कसं? दर वेळी दोघं थांबतात आणि तिघं वाजवत राहतात.

बासवाला_प्रतापनगर

खुणा ठरवा आणि गाण्याआधी मोठ्याने सांगा. डोक्यावर हात: आता मुखड्यावर परत. चार बोटं: ड्रमसोबत चार-चार बार. बंद मूठ: हा शेवट. खूण सोलो संपायच्या दोन बार आधी द्यायची, संपल्यावर नाही.

ब्लूजसाठी एकच शेवट ठेवा. शेवटच्या मुखड्यातले शेवटचे चार बार तीनदा, आपल्या तिहाईसारखे. मूठ वर दिसली की सगळ्यांनी मनात मोजायचं. पहिल्या दोन वेळी बाराव्या बारचा सी७ वाजवायचा, तिसऱ्या वेळी तो गाळून अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर एफ७ आणि तिथेच थांबायचं. बासने मूळ सूर धरून ठेवायचा, कीबोर्डने पेडल, ड्रमरने सिम्बलवर हलका रोल. मूठ खाली आली की ड्रमरने सिम्बल हाताने धरायची. ती धरेपर्यंत कोणीही आणखी एक सूर टाकायचा नाही, विशेषतः दोन्ही गिटारवाल्यांनी. नुसता शेवट वेगळा काढून दहा वेळा वाजवा, मुखड्यापासून नाही, नवव्या बारपासून.